जिन्यावरून येणारा आवाज

पोन्तुसचं बोट चुकून भलतीकडे पडलं असतं तर बरं झालं असतं. पण सवयीचं बोट ते, रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजवायच्या बरोबर त्याच बटणावर पडलं. पडद्यावरचा गुप्तहेर बर्फाने भरलेले बूट घालून पांढऱ्या गालिच्यावर चढला आणि स्वीडनमधल्या हर्नोसांड गावच्या सभागृहात गुनवोरचा आवाज घुमला, "त्याला म्हणावं, आधी बूट काढ!"

गुनवोर एप्रिलमध्ये गेली होती. आणि तिचा नवरा सिवर्ट पहिल्याच रांगेत बसला होता.

सिवर्ट हेडलोफ बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक. घराच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी कॅमेरा लावून तो सिनेमांवर बोलायचा आणि ते इंटरनेटवर टाकायचा. बिघडलेली बस तपासावी तसा सिनेमा तपासायचा. "आवाज फार करतो, पण जागचा हलत नाही," म्हणायचा. निकाल द्यायचा दालचिनीच्या बनवर. सिनेमा चांगला असला की बन ताटलीत तसाच राही. भिकार असला की अर्ध्यातच दुसरा संपे.

पण लोक खरे थांबायचे ते गुनवोरसाठी. ती कॅमेऱ्यासमोर कधी आलीच नाही. पडद्यावर कुणी बूट घालून घरात शिरलं की सिवर्ट सिनेमा थांबवायचा, जिन्याकडे तोंड करून ओरडायचा, "गुनवोर, हा बघ!" आणि वरून ते वाक्य यायचं. आत प्रेत पडलेलं असो की घर पेटलेलं. खुनाचं तिला विशेष काही नव्हतं, गालिच्याचं होतं.

चाहत्यांनी ते वाक्य मोज्यांवर विणलं, कपांवर छापलं. दर ऑक्टोबरात संमेलनाला जमायचे, सिवर्टच्या टेबलावर असायचा तसाच पिवळा थर्मास काखेत मारून. दाराशी बुटांचा ढीग पडायचा आणि आत सगळे एका सुरात ओरडायचे.

यंदा मात्र ठरलं होतं, बुटांची गंमत नाही. एप्रिलपासून सिवर्टने एकही भाग केला नव्हता आणि पुढे करणार की नाही, ते तो आज सांगणार होता. त्याचं मन दुखवू नका, असं सगळ्यांना बजावणारा पोन्तुसच होता!

सिवर्ट उठला आणि बाहेर गेला.

"शाबास रे बाबा," पोन्तुसशेजारी बसलेली म्हातारी मायलिस विणकाम मांडीवर ठेवत म्हणाली. "आता पडद्याकडे काय बघतोस? जा त्याच्यामागे!"

पोन्तुसने बुटांत पाय कोंबले आणि नाड्या न बांधताच अंगणात धावला. ओली पानं, चिखल. सिवर्टची गाडी जागेवरच होती, सिवर्ट नव्हता. इमारतीला वळसा घालून पोन्तुस मागच्या दाराने सभागृहाच्या स्वयंपाकघरात शिरला. सिवर्ट कॉफीच्या मशीनपाशी उभा होता.

"सिवर्ट, चुकलं माझं. हात आपोआप—"

"कळलं ते."

मशीन गुरगुरत राहिलं.

"ऑगस्टमध्ये बसलो होतो एक भाग करायला," सिवर्ट मशीनलाच सांगावं तसा बोलला. "पोलिसांचा सिनेमा. रद्दी. त्यातला एक पोलीस बूट घालून थेट पलंगापर्यंत गेला. मी थांबवला. ओरडलोसुद्धा जिन्याकडे."

"मग?"

"मग काय. मशीन कपडे पिळत होतं, तेवढाच आवाज. कॅमेरा बंद केला."

पोन्तुसला आत्ता उमगलं. इतकी वर्षं ज्यावर पोट धरून हसलो, ते एका माणसाच्या घरातलं रोजचं बोलणं होतं.

"तू थांबलास तरी आम्ही समजून घेऊ," तो म्हणाला. "आणि तिचा तो आवाज मी पुसून टाकतो. आत्ता, लगेच. तू फक्त सांग, काय करू?"

सिवर्टने एक कप भरला. मग फळीवरून दुसरा काढला, तोही भरला. कप पुढे करता करता त्याची नजर खाली गेली. मागच्या दारापासून पोन्तुसपर्यंत पुसलेल्या फरशीवर चिखलाचे ठसे उमटले होते.

"आधी बूट काढ."