देवी आलेल्या घराचं दार

सन एकोणीसशे चौसष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जानेफळच्या बाजूच्या खेड्यांत देवीची लस टोचत हिंडत होतो. शाळा माझी चौथीत सुटली. तरी टोचण्यात माझा हात धरील असा दुसरा माणूस त्या भागात नव्हता, हे मी तेव्हाही सांगायचो आणि आजही सांगतो. शिकवणीत डॉक्टरांनी सगळं दाखवलं होतं. दंड कसा ताणून धरायचा, लसीचा थेंब कुठं ठेवायचा, त्यावर टोचायचं दातेरी चाक किती दाबून फिरवायचं. आई नको म्हणाली तर काय करायचं, हे मात्र एका वाक्यात उरकलं. "धरा अन् टोचा. पोर जगलं की तीच पाया पडेल."

तसं धरून टोचलेलं मी पाहिलं होतं, स्वतःही टोचलं होतं. आम्ही वळणाआड झालो की बाया पोरांचे दंड पदरानं पुसायच्या, वर चुलीतली राख चोळायच्या. पुढच्या फेरीला पाहावं तर लस उठलेलीच नसायची.

त्या उन्हाळ्यात एका खेड्यातल्या घरी देवी आल्याचं आम्हाला उशिरा कळलं. सात-आठ वर्षांची पोरगी. घरच्यांनी लपवून ठेवलं होतं. आमच्याकडं देवी आली म्हणजे ती पाहुणी, तिच्यापुढं औषधाचं नाव काढायचं नसतं. घरात फोडणी देत नाहीत, कोणी डोकं विंचरत नाही, बाहेरच्या माणसाची सावली आत पडू देत नाहीत. पोरीची आई हा नेम धरून आत बसली होती. त्याच खोलीत पोरीचा भाऊ होता, अजून अंगावर पिणारा, एकदाही न टोचलेला. वेळेत टोचलं तर अशा पोराची देवी अडते. पण वेळ किती गेली, ते सांगायला कोणी तयार नव्हतं.

आमच्यावरचे तपासनीस साहेब माझ्यासोबत होते. त्यांनी बूट न काढताच अंगण ओलांडलं आणि दारावर लावलेली निंबाची डहाळी छडीनं बाजूला सारली. आतून कडी लागली.

ओट्यावर पोरीचा आजा बसला होता. "घ्या आता," तो म्हणाला. "नेम सुनेचा हाये साहेब. माह्यासाठीबी नाही उघडत ते आता."

"उद्या पोलीस पाटलाला आणतो आणि दारच काढतो."

"काढा ना. मंग रोज येऊन पाहा तिनं पुसलं का ठेवलं ते."

साहेब माझ्याकडं वळले. "तू बस इथं. गोड बोल, खोटं बोल, वाटेल ते कर. मला ते पोरगं टोचलेलं पाहिजे." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

मी चपला अंगणाबाहेर ठेवल्या आणि दाराजवळ जाऊन बसलो. आत ती पोरीला वारा घालत होती. "शांत व्हय माय, शांत व्हय," असं पोरीच्या अंगातल्या देवीला म्हणत होती.

"बाई, पोरीले मी हात नाही लावत. पोराले तेवढं टोचू द्या."

"काऊन मांगं लागले हो भाऊ तुम्ही? तिले राग आला त दोन्ही लेकरं जातीन माही."

ऊन माझ्या गुडघ्यांवर आलं. एकदम तीच बोलली.

"घ्या मंग देवीची आन. म्हना, माहं पोरगं वाचते."

एका शब्दाचं काम होतं. आजा माझ्याकडं पाहून मान हलवत होता, घे, घे. शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण खोटी शपथ मी बापासमोरही कधी घेतली नाही.

"आन नाही घेत बाई. देवी अजून आत शिरली नसली त वाचंल. शिरली असली त सांगता येत नाही."

"मंग कायले टोचता?"

"न टोचल्याहून बरं म्हणून."

आजानं कपाळावर हात मारला. "कसा मानूस हायेस बे तू! एक शब्द बोलाले जीभ झडून राह्यली का तुही?"

तिनं विचारलं, "तुम्हाले लेकरू हाये का?"

"हाव. तीन वर्षांची पोरगी."

"टोचेल हाये?"

"मीच टोचली."

"मंग आना तिले. माह्या पोरीजवळ बसवा. मी माहं पोरगं देते तुमच्या हातात."

"आणतो," मी म्हणालो. ताठ उठलो आणि निघालो. माझ्या पोरीच्या दंडावरचा वण असा गोल होता की साहेबांनी तो चारचौघांत दाखवला होता.

घरी बायको भाकरी थापत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"माही पोरगी देवीच्या खोलीत?"

"टोचलेली हाये ती. काही होत नाही."

"मंग घ्या तिच्या डोक्यावर हात ठेवून आन."

मी हात उचलला. टोचलेल्यालाही कधीमधी देवी येते, हे डॉक्टर बोलता बोलता बोलून गेले होते. हात तसाच राहिला.

"नाही ना घेता येत? मंग नाही."

"तिकडं तिचं पोरगं मरंल."

"मरू द्या म्हनते का मी? पन माही मी नाही देत."

तव्यावरची भाकर करपली. पोरीला मांडीत घेऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली. अशा पाठ करून बसलेल्या बाया मी गावोगाव पाहिल्या होत्या. त्यांच्या काखेतून पोराचा दंड ओढून काढायला मला कधी जड गेलं नव्हतं, आणि ते चुकलं असं मी आजही म्हणत नाही. घरात माझा शब्द चालत होता. लोकांसमोर आणतो म्हणून आलो होतो. तरी त्या संध्याकाळी माझा हात पुढं होईना. तिकडं एक एक घटका त्या पोराच्या आयुष्यातून जात होती आणि मी उंबऱ्यावर नुसता बसून होतो. जेवलो नाही.

सकाळी उजाडताच एकटाच गेलो. आजानं माझ्या मागं पोरगी आहे का पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी दाराशी उभा राहिलो.

"बाई, माही बायको नाही म्हणते. तिच्यावर मी जबरदस्ती नाही केली, तुमच्यावरबी नाही करत. अन् एक काल सांगतलं नाही. टोचल्यावरबी कधीमधी देवी येते."

आत हातपंख्याचा आवाज थांबला. "काय म्हने तुमची बायको?"

"आन घे म्हने. माह्यानं घेववली नाही."

कडी निघाली. केसांच्या जटा झालेली ती बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. मी पोराच्या दंडाला हात लावला. कढत लागला. बंद खोलीच्या उकाड्यानं की आतून, मला कळेना. तिला तसंच सांगितलं.

"उशीर झाला असंल बाई. टोचू?"

ती पोराकडं पाहत राहिली. मग तिनंच त्याचा दंड ताणून धरला. मी थेंब ठेवला आणि चाक फिरवलं.