कणकेतून हात काढा!

गेल्या रविवारी सकाळी ठीक साडेदहा वाजता, कोराडीच्या कॉलनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यावर घोर अन्याय झाला. अन्याय करणारी: माझी सख्खी आई. साक्षीदार: आत्या आणि परातभर कणीक.

बाबा रिटायर झाले होते आणि एक वाजता त्यांचे तीस सहकारी पुऱ्या खायला येणार होते. बाबांनी मांडवात ‘लेडीज’ अशी पाटी लावली. मी शब्दकोश उघडला आणि पेटलो! जुन्या इंग्रजीत ‘लेडी’ म्हणजे भाकरीची कणीक मळणारी! ‘लॉर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार! एकीनं मळायचं, दुसऱ्यानं नुसतं राखायचं? लगेच पत्रक छापलं (तीन उद्गारचिन्हं, माझी नेहमीची) आणि आईसमोर कडाडलो, “भगिनींनो, कणकेतून हात काढा!!!”

“भगिनी कोणाले म्हणून राहिला गा?” आत्या म्हणाली.

आईनं शांतपणे विचारलं, “म्हणजे मी इतके दिवस लेडी होती?”

“होतीस!”

“अन् तुले ते पटत नाही?”

“मुळीच नाही!”

आईनं हात काढले. धुतले. पदराला पुसले. “चला ताई, सोफ्यावर बसू. अन्याय होऊन राहिला आपल्यावर.”

“मग पुऱ्या?” (हा प्रश्न आंदोलकानं कधीच विचारू नये.)

“काहून? मळणारीची पोस्ट खाली आहे नं!”

बाबा मांडवातून धावत आले. “अवं, माणसं येऊन राहिली!”

“तुम्ही राखणदार. राखा!”

बाबा खरंच दारात उभे राहिले आणि मी परातीत हात घातले. “पानी जास्त झालं गा!” मी पीठ घातलं. “आता दगड झाला!” मी पाणी घातलं. कणीक परातीबाहेर आली, मनगटावर चढली, घड्याळ गिळून कोपरापर्यंत पोचली. सोफ्यावरून दोघी माझंच पत्रक तालात वाचत होत्या, “कणकेतून हात काढा!” अहो, निघत असते तर काढले नसते का?

एक वाजता पंगत बसली. पुऱ्या फुगल्या नाहीत; फुगलो होतो मी. बाबांचे साहेब एक पुरी दोन्ही हातांनी तोडत म्हणाले, “थालीपीठ मस्त आहे!” बाबांची इज्जत वाचली. माझी नाही.

आई अजून सोफ्यावरच आहे. रोज मीच मळतो. म्हणजे शब्दकोशाच्या न्यायानं आमच्या घरात लेडी आता एकच! तेव्हा, वाचकहो, माझी जाहीर मागणी: कोराडीच्या बसमध्ये मी चढलो, की लेडीज सीट ताबडतोब खाली करा!!!