चौथ्या चित्राची जागा

प्यो सुन-इम बाईंनी बेटावरच्या त्या शाळेत एकोणतीस वर्षे शिकवले. त्या फेब्रुवारीत शाळा बंद होणार, म्हणून तिची दप्तरे नोंदवायला जिल्हा अभिलेखागाराने मला पाठवले होते. बाईंच्या कपाटात एक पुठ्ठ्याची पेटी होती. तिच्यावर लिहिले होते: 'किमची, सहा चित्रे.'

"आत पाचच आहेत, बाई."

"ठाऊक आहे."

किमची म्हणजे तिखट मसाल्यात मुरवलेला कोबी; तो करण्याच्या सहा पायऱ्यांची चित्रे मुलांनी क्रमाने लावायची, असा तो धडा होता. मूळ चित्रे बाईंनीच काढली होती. पहिल्यात कोबीवर मीठ पसरलेले होते. मुलांनी ते क्रमात बसूच दिले नाही. बेटावर कोबी समुद्राच्या पाण्यात भिजवतात आणि बाई पडल्या मुख्य भूमीवरच्या. मग त्यांनी सहा मुलांना एकेक पायरी वाटून दिली आणि घरून चित्र काढून आणायला सांगितले. चित्र कोणाला दाखवायचे नाही, तोंडाने सांगायचे. क्रम सर्वांनी मिळून लावायचा.

पुढचे मी बाईंच्या स्मरणावर सोडले नाही. गेल्या नोव्हेंबरातल्या त्या दिवसाच्या बाईंच्या टिपणवहीत मुलांचे बोलणे जसेच्या तसे आहे.

"माझ्यात कोबी निथळतोय."

"माझ्यात मडक्यात भरतायत. म्हणजे मी तुझ्यानंतर."

"असाच पांढरा भरणार? मसाला कोण लावणार, तुझी आजी?"

"हारम लावणार होती."

हारमच्या वडिलांना मुख्य भूमीवर मोक्पोच्या गोदीत काम लागले होते. धड्याच्या दोन दिवस आधी ती बोटीने गेली. चित्र तिच्या दप्तरातच राहिले.

"बाई, मी काढू मसाल्याचं?" दोंग-उकने विचारले.

"ते तुझं होईल रे. तिचं कसं होईल?"

मुलांनी चौथी जागा मोकळी सोडली. बाईंनी हारमला लिहिले, 'चित्र पाठवू नकोस. येऊन सांग.'

"फोनवर सांगितलं असतं की तिनं," मी म्हणाले.

"सहाही जणं समोरासमोर बसून भांडल्याशिवाय क्रम लागत नाही, पोरी."

जानेवारीत मोक्पोहून हारमचा एक जाड लिफाफा आला होता. तो बाईंच्या मेजावर तसाच होता, न फोडलेला. शाळेचे आठ दिवस उरले होते आणि बोट रोज दुपारी एकदाच लागत असे. तेवढ्या वेळी बाई खिडकीपाशी जात.

"नोंदीसाठी हा उघडावा लागेल," मी म्हणाले.

"आठ दिवस थांब."

नवव्या दिवशी त्यांनी तो स्वतः माझ्या हातात दिला.

"फोडू?"

बाई बोटीच्या धक्क्याकडे बघत होत्या. "तुमचे नियम काय ते तुम्ही जाणा."

मी नोंद केली: चित्रे पाच. लिफाफा एक, बंद.