रडणाऱ्याचं मत बाद

आक्काच्या राज्यात सिनेमा पाहताना रडायला बंदी नव्हती. फक्त रडणाऱ्याचं मत बाद व्हायचं.

आक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत ती, आई-बाबा, धाकटा सुधीर आणि मी राहत होतो. रविवारी दुपारी दूरदर्शनवर वेगवेगळ्या भाषांतले, पुरस्कारांच्या यादीत गेलेले सिनेमे लागत. जेवणं उरकली की पडदे ओढून आम्ही पाचजण परीक्षक म्हणून बसायचो. शेवटी आक्का हात वर करायला सांगे. तीन हात आले तर सिनेमाचं नाव कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिलं जाई.

"आक्का, त्याला दिल्लीत बक्षीस मिळालंय हो," आई म्हणायची.

"मिळांदे. हयसर अजून निकाल लागाक नाय."

रडण्याचा नियम नंतर आला. एका सिनेमात शेवटी लहान मूल मेलं आणि आई, बाबा, सुधीर तिघेही हुंदके देत हात वर करून बसले. आक्का एका प्रसूतिगृहात आया होती. खरं रडणं ती रोज ऐकायची. ती म्हणाली, "पोर मारल्यार कोणाकय रडू येतला. ही लाच झाली. लाच खाल्लेल्यान मत देवचा नाय."

मला हे तत्त्व एकदम पटलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबांची गिरणी संपात गेली तेव्हा आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकंच जास्त यायची. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी जनतेच्या हितासाठी करायचे. शेतकरी काही पुटपुटला की मी गरजायचे, "जमीनदारांच्या छाताडावर पाय देऊन आम्ही उभे राहू!"

"गो बाय, तो दोनच शब्द बोललो. तुझा भाषण खयसून इला?"

खाली खरोखर 'पाणी दे' एवढंच लिहिलेलं असायचं.

मग एका रविवारी विणकराचा सिनेमा लागला. त्याचा माग विकला जातो, गाडीवर चढतो, आणि विणकर मागाखालच्या रिकाम्या खड्ड्यात बसून, माग चालवल्यासारखे नुसते पाय हलवत राहतो. खाली ओळच नव्हती. मलाही काही घालता आलं नाही. गिरणी सुटल्यापासून बाबा एका गोदामात कामाला होते. ते दात आवळून बसले होते. मत बाद होऊ द्यायचं नव्हतं. हे नाव त्यांना दारावर हवं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आई आणि सुधीरला सिनेमा फार संथ वाटला. बाबांचा हात वर गेला. माझाही. आक्काचा मांडीवरच राहिला.

"आक्का, हात!" मी ओरडले.

"माझा मत बाद."

"अगं, एवढ्या अंधारात कोणी पाहिलंय?"

"माका ठावक आसा ना."

मी भडकले. हा नियम गिरणीमालकांच्या सोयीचा आहे, तो मोडला पाहिजे, वगैरे बरंच बोलले. "हिचं पत्रक निघालं," सुधीर म्हणाला. नाव काही लिहिलं गेलं नाही. रात्री जेवताना बाबांनी आपल्या ताटातली माशाची गाबोळी उचलून तिच्या ताटात ठेवली.

निवृत्त झाल्यावर आक्का मालवणला घर सांभाळायला निघाली. एसटी सुटायच्या आधी बाबा खिडकीखालून ओरडले, "आमच्या घरातलं सर्वोत्कृष्ट माणूस, आक्का! मतदान करा रे!"

चार हात वर गेले. आक्काने खिडकीतून वाकून एकेकाचा चेहरा तपासला.

"तुझा बाद. वहिनीचा बाद. सुधल्या, तू तर धारच लावलंस, बाद!"

मी डोळे ताणून कोरडे ठेवले होते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"हिचा धरूक होया," ती म्हणाली आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मी हात वरच ठेवला. खाली आणला असता, तर तो डोळ्यांकडेच गेला असता.