आतोबांचं शेवटचं पार्टिशन

अख्ख्या अंबरनाथमध्ये जागेचे तुकडे पाडण्यात आमच्या आतोबांचा, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांचा, हात धरणारा माणूस झाला नाही! कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ मोकळी जागा दिसली की बेचैन व्हायचा. दोन खोल्यांच्या घरात प्लायवूड ठोकून त्यांनी थोरल्याला अभ्यासिका दिली, धाकट्याला निजायची जागा, देवांना देवघर आणि स्वतःच्या करवतींना वर्कशॉप. शिरगावचे व्याही एकदा मोरी शोधत तीन दारं उघडून पुन्हा ओट्यावरच पोचले होते. मिसळणाच्या डब्यातसुद्धा आतोबांनी पत्र्याची पट्टी बसवली. "आता हळद दोन प्रकारची ठेवता येईल," ते म्हणाले. "दुसरी कुठली?" आत्याने विचारलं. त्यावर त्यांचा विचार बरेच दिवस चालू होता. आत्याला स्वतःला मात्र त्या घरात एकही कप्पा नव्हता.

नव्वदचं दशक संपता संपता थोरल्याने परदेशातून आपला जुना लॅपटॉप पाठवला. आतोबा त्यावर प्लायवूडचे आराखडे काढू लागले आणि लग्नाआधी टायपिंग शिकलेली आत्या दुपारी आपल्या आईच्या ओव्या इंग्रजी अक्षरांत उतरवू लागली. आराखडे इतके वाढले, की ओव्या सापडेनात. एकदा पोळी वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, यातही मला जागा नाहीच का?" आतोबांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते उल्हासनगर कॅम्प पाचला एका सिंधी दुकानदाराकडे गेले. लॅपटॉपमध्ये एकटा 'सी' ड्राइव्ह होता. आत्यासाठी वेगळा 'डी' हवा होता. दुकानदार घाबरला. "साईं, पार्टिशन डालोगे तो पूरा माल उड़ जायेगा!"

"अरे, हम भी खोली खाली करके ही ठोकता है!" आतोबा आनंदाने ओरडले. म्हणजे ही डिस्क अगदी घरासारखीच निघाली!

ओव्या फ्लॉपीवर उतरवल्या. "आणि तुमचे आराखडे?" मी विचारलं. "जाऊ देत रे. ते डोक्यात आहेत."

रविवारी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, शेजारीपाजारी जमले. उत्साहाच्या भरात आतोबा हातात मेजरटेप घेऊनच बसले होते. "निम्मं तिचं!" त्यांनी जाहीर केलं. पडदा काळा झाला, आत्याने डोळे मिटले. फॉर्मॅटचे आकडे चढू लागले तशी सगळी मंडळी ते मोठमोठ्याने वाचू लागली, आणि शंभर होताच टाळ्या! मग मशीनने नव्या ड्राइव्हचं नाव विचारलं.

"घाला 'सुमती'," आत्या आपलं नाव सांगत म्हणाली.

आतोबांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं : यमुना.

ते तिचं माहेरचं नाव. माझे वडील गेल्यापासून कुणाच्याच तोंडी न उरलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुमती' लिहून आतोबांनीच ते बदललं होतं.

"तेव्हा तुला कुणी विचारलंच नाही गं," ते हळूच म्हणाले. आत्या पदराने डोळे टिपत हसली.

आतोबांना जाऊन आता काही वर्षं झाली. मुलांनी सगळं प्लायवूड काढून टाकलं, घर ऐसपैस झालं. लॅपटॉपही केव्हाच बंद पडलाय. परवा गेलो तर आत्या तोच मांडीवर घेऊन बसली होती. "सगळं मोकळं झालं रे," ती म्हणाली, "आता कुठे बसावं तेच कळत नाही."