मधले चाळीस सेकंद

माझ्या मामांनी चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पुढचे दात गेले आणि वाजवणंही संपलं. कवळी बसवून त्यांनी एकदा फुंकून पाहिलं, तर शिट्टीसुद्धा धड वाजली नाही. मी हसले, म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मामांचा राग कायम नाकावर, आणि त्याला बसायला नाकही चांगलं ऐसपैस.

त्या दिवशी सकाळी दहाला ते माझ्या दारात उभे. हातात पेनड्राइव्ह. दुपारी एकला रेडिओवर जुन्या बँडवाल्यांवर कार्यक्रम होता आणि मामांच्या वादनाची फाइल बाराच्या आत पाठवायची होती. त्यांच्याकडे एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. मैदानावरच्या एका कार्यक्रमातलं, कॅसेटवरून एमपीथ्री करून घेतलेलं, सहा मिनिटांचं. कॅसेट केव्हाच खराब झाली होती.

“मधे चाळीस सेकंद खरखर आहे,” मामा म्हणाले. “तेवढी काढायची. साधंसं सॉफ्टवेअर बघ. तीन बटणांच्या वर मला नको.”

“क्लॅरिनेटला सतरा चाव्या होत्या, तेव्हा नाही घाबरलात ते?”

“त्या बोटांना पाठ होत्या. तोंड कमी चालव आणि शोध.”

पहिलं सॉफ्टवेअर उघडलं तर पडदाभर बटणं. मामांनी चष्माच काढून ठेवला. दुसरं साधं होतं, पण त्यातून फाइल साठवली की आवाज पिचकायचा. एमपीथ्री मुळात दाबूनच लहान केलेली असते, आणि हे बेटं तिला परत दाबत होतं. मला काही फरक कळेना. मामांना पहिल्याच सुरात कळला. “हा मी नाही, हा सर्दी झालेला कुणीतरी आहे,” ते म्हणाले. तोवर पावणेअकरा झाले होते. तिसरं मात्र कामाचं निघालं. आवाजाची एक रेघ, तिच्यावर सरकवायच्या दोन खुणा आणि एक कात्री. ते फाइल पुन्हा दाबत नव्हतं, मूळ फाइलला धक्का न लावता वेगळी नवी फाइल करून देत होतं.

“आधी मला ऐकू तरी द्या,” मी म्हणाले आणि फाइल सुरू केली.

खरखर कुठेच नव्हती. तिसऱ्या मिनिटाला मामांचा सूर ताणला गेला, हलला आणि तुटला. दम संपला होता. क्षणभर काहीच नाही, आणि मग त्याच सुरावरून दुसरी क्लॅरिनेट पुढे निघाली, मऊ, कसलीच घाई नसलेली. चाळीस सेकंदांनी मामा परत आले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. ही सहा मिनिटं मामांनी एकट्याने वाजवली, हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की कधी शंकाही आली नव्हती.

“हे दुय्यमकाका आहेत,” मी म्हणाले.

दुय्यमकाका म्हणजे मामांचे जोडीदार. आयुष्यभर दुसरी क्लॅरिनेट वाजवली, म्हणून सगळे त्यांना दुय्यम म्हणत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. कान तेवढे शाबूत. सकाळीच त्यांच्या बायकोचा मामांना फोन आला होता की, आज उशीला टेकवून बसवते, पूर्ण कार्यक्रम ऐकू दे त्यांना.

“ते ऐकणार आहेत, मामा. त्यांच्यासमोर त्यांनाच कापणार तुम्ही?”

“त्याने आजवर ब्र काढला नाही. तुझ्या का पोटात दुखतंय?”

“म्हणूनच दुखतंय.”

“करणार आहेस का? नाहीतर ऊठ तिथून.”

मी उठले. “तुमचं तुम्हीच करा,” म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी परत घासायला घेतली. बाहेर माउसची टिकटिक चालली होती. बराच वेळ गेला. मामांनी त्या चाळीस सेकंदांच्या दोन्ही टोकांना खुणा लावल्या, कात्री दाबली आणि तयार झालेली फाइल न ऐकताच पाठवून दिली. खुणांच्या मधलं जाणार, असं ते धरून चालले होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये खुणांच्या मधलं राहतं आणि बाकीचं जातं. मी रागाच्या भरात सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

अकरा चाळीसला फोन वाजला. मामांनी तो स्पीकरवर टाकला. रेडिओवरच्या बाई होत्या.

“फाइल मिळाली. फक्त चाळीस सेकंदांची आहे, पण काय वाजवलंय हो! आम्ही हातातली कामं टाकून ऐकत बसलो. एवढंच लावते. वाजवणारे आपणच ना?”

मामांनी फोनवर तळहात ठेवला. मी ओल्या हातांनी दारात उभी होते.

“दुसरी पाठवता येईल?” त्यांनी हळूच विचारलं. “मधलं काढून?”

“येईल. पाच मिनिटांचं काम आहे.”

खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण नाही बोलले. मला भीती वाटत होती की मामा आता “कर” म्हणतील, आणि मग मी त्यांना जन्मात माफ करणार नाही.

“हॅलो? आहात ना? मला निवेदनात नाव घ्यायचंय.”

मामांनी जिभेने कवळी सारखी केली आणि फोनवरचा हात काढला.

“मी नाही तो,” ते म्हणाले. “माझा दम संपला होता. मी नुसता उभा होतो. वाजवतोय तो माझा जोडीदार.”

“अरे वा! नाव सांगता त्यांचं?”

मामांनी नाव सांगितलं, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. बाईंना नीट लिहून घेता यावं म्हणून तिन्ही पुन्हा सावकाश सांगितली. मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते.

“काही टोपणनाव वगैरे? लोक त्यांना कुठल्या नावाने ओळखतात?”

“याच नावाने,” मामा म्हणाले.