सुभेदारांची पिन

पिन तुटली की सुभेदार आधी शेताच्या मालकाचं तोंड बघत, मग पिन. ट्रॅक्टर बंद करायचे, टोपी मागं सरकवायचे आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडे असं निरखून बघायचे, की त्या बिचाऱ्याला उगाचच खोकला यायचा. "मशीन खोटं बोलत न्हाई रं," म्हणायचे, "मालकाचा काय भरवसा न्हाई."

लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन ते रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परतले आणि ट्रॅक्टरमागं जोडायचा गवत तोडायचा रोटरी कटर त्यांनी घेतला. पावसाळा सरला की बांधावरचं कमरेएवढं गवत सपाट करायला सारा गाव त्यांनाच बोलवायचा. नाही बोलावलं तर ते घरी बसून सुनेला भाकरी कशी थापावी ते शिकवत, त्यामुळे सूनबाईसुद्धा त्यांच्यासाठी कामं शोधून आणायची.

कटरच्या फिरत्या दांड्यात बोटाएवढा एक मऊ बोल्ट असतो. पातं दगडावर आपटलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. गावात त्याला पिन म्हणतात. दुसऱ्यांच्या खिशात तंबाखू असते तशा सुभेदारांच्या खिशात पिना असत. कुणी म्हणालं, "आवं, जरा कडक पिन टाका की, सारखी तुटतीया," तर ते हसत. "तुटायचं ते तुटनारच गड्या. सवस्तातलं तुटू दे." ते नव्या पिनेवर फुंकर मारून ती बसवत आणि पुन्हा सुरू होत.

आता माझं सांगतो. मी शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला, माझी शेती रविवारची. शेजारचं रान माझे चुलते तात्या यांचं. वडील लवकर गेले, तेव्हापासून तात्यांनीच मला वाढवलं. असं असूनही एका उन्हाळ्यात मी मधला बांध कोरला. दोन फूट तात्यांच्या रानात सरकवला. का, विचाराल तर हात शिवशिवले, दुसरं काही नाही. हद्दीचा दगड मात्र मला उचलेना. मग तो जागच्या जागी आडवा पाडला आणि वर माती लोटली. पावसानं माती वाहून गेली, दगडाचं टोक वर आलं, त्यावर गवत माजलं, आणि कटर नेमका तिथंच आपटला.

माझी पंचाईत बघा. "सुभेदार, जपून, तिथं दगड आहे," म्हणावं तर हद्दीचा दगड माझ्या रानात दोन फूट आत कसा, ते सांगावं लागणार. मी गप्प राहिलो. पिन तुटली. सुभेदारांनी माझं तोंड बघितलं. मी आभाळ बघितलं.

पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच. "हितं भूत हाय का रं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "तुज्या रानात दगड उगवत्यात वाटतं. बी कुटनं आनलंस?" पलीकडं उसाला पाणी पाजणारे तात्या हसले. मीही हसलो, पण माझं हसू मलाच पटलं नाही.

चौथ्या वेळेआधी मी डोकं लढवलं. शिरवळच्या दुकानातून पोलादी कडक बोल्ट आणला. सुभेदार आमच्या घरी ओसरीवर चहा पीत होते तेवढ्यात पिन काढून तो बसवला. आता तुटणार नाही आणि चौकशीही होणार नाही! सुभेदार आले, कटरभोवती एक फेरी मारली, मला म्हणाले, "पान्याची कळशी घिऊन ये." मी आणली. ते वर बसले, रानाकडे निघाले.

कटर दगडाकडे सरकू लागला आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पिन तुटली नाही तर गिअरबॉक्स फुटणार. म्हाताऱ्याचं मशीन ऐन हंगामात माझ्यामुळं मोडणार. मी लुंगी सावरत धावलो आणि ओरडलो, "थांबा! सुभेदार, थांबा! तिथं दगड आहे! हद्दीचा!"

तात्यांनी खोरं खाली ठेवलं.

सुभेदारांनी ट्रॅक्टर बंद केला आणि खिशातून माझा पोलादी बोल्ट काढून दाखवला. "ह्यो कवाच काडलाय. कळशी कशाला आनाय लावली तुला?" मग बोटं मोजली. "तीन पिना गेल्या रं तुला बोलतं करायला. पयल्या खेपंलाच ठावं हुतं मला."

"मग तुम्ही मुद्दाम त्याच्यावरून..."

"मंग? तू कवा थांबा म्हंतोस, त्ये बगत हुतो."

तात्या बांध ओलांडून आले. मला वाटलं, आता आपलं चुलत्याचं नातं संपलं. मान वर करवेना. ते दगडाकडे बघत हळूच म्हणाले, "दोन फूट पायजे हुती तर मागायची हुतीस. मी न्हाई म्हनलो आसतो व्हय?"

"तात्या," सुभेदार म्हणाले, "तुमी न्हाईच म्हनला आसता."

तात्यांना हसू आवरेना. मग आम्ही तिघांनी ट्रॅक्टरला साखळी लावून दगड उभा केला आणि दुपारपर्यंत बांध मूळ जागी आणला.

पुढं सुभेदारांचे गुडघे गेले आणि लेक त्यांना सांगलीला, विश्रामबागेत घेऊन गेली. तिथून फोन करून ते एवढंच विचारायचे, "तात्या बोलतो का तुज्याशी?" मी "बोलतात" म्हणालो की फोन ठेवून द्यायचे. गेल्या वर्षी ते गेले. मी आणि तात्या दहाव्याला सांगलीला गेलो.

परतताना एसटीत तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. कराड आल्यावर म्हणाले, "त्यो दगड तुज्या आदी मी हालवला हुता."

"कधी?" मी विचारलं.

"तुजा बाप हुता तवा. सुभेदार सुट्टीवर आलं हुतं. माजा हात धरून परत जाग्याव बसवाय लावला."

"बाबांना कळलं होतं?"

"न्हाई." तात्यांनी टोपीनं डोळे पुसले. "कुनाकडं बोललं न्हाईत कवा. तुला पकडला त्या दिवशी बी न्हाई."